विचारण्याची मुभा

धर्मग्रामातील एखाद्या मुलाला वा मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की रविवारच्या मिस्सानंतर त्याचे नाव जाहीर होते. टाळ्या होतात, फादर शाल व पुष्पगुच्छ देतात, आईवडिलांचे डोळे ओलावतात. हा आनंद रास्तच आहे आणि त्यात आम्हीही अनेकदा मनापासून सहभागी झालो आहोत. परंतु साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपवून तेच मूल आंतरवासितेसाठी वॉर्डात पाऊल टाकते, आणि पुढे निवासी डॉक्टर म्हणून तीन वर्षे रुग्णालयातच मुक्काम ठोकते, तेव्हा त्याचे कसे काय चालले आहे याची चौकशी करणारे फार थोडे. 'ड्यूटी आहे' एवढे उत्तर घरी मिळते आणि घरचेही तेवढ्यावर समाधान मानतात. वास्तविक डॉक्टर घडतो तो याच काळात. तो कशाने घडतो आणि कशाने अडतो, याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

भिवंडी तालुक्यातील दापोडे येथे आम्ही दवाखाना चालवितो, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला दोन्ही बाजूंनी दिसतो. एके काळी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आम्हीही शिकाऊच होतो. आणि आज आमचे रुग्ण रात्रीअपरात्री ज्यांच्या हवाली होतात, तेही शिकाऊच असतात. दापोडे, वळ, राहनाळ, पूर्णा, मानकोली या पट्ट्यात जिथे भातखाचरे होती, तिथे आता गोदामे उभी आहेत. हमाल, ट्रकचालक, पॅकिंग करणाऱ्या मुली, भिवंडीच्या यंत्रमागांवरील कामगार ही आमची रुग्णमंडळी. कोणाला गंभीर इजा झाली, की प्रथम भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, तेथून खाडी ओलांडून ठाणे वा कळवा, आणि तिथेही न भागल्यास शीव किंवा भायखळ्याचे जे. जे., असा त्याचा प्रवास ठरलेला. या वाटेवर मोठ्या रुग्णालयात मध्यरात्री त्याच्या पोटावर पहिला हात ठेवणारा डॉक्टर बहुधा तेवीस-चोवीस वर्षांचा असतो. त्याला किती येते यापेक्षा, जे येत नाही ते तो कोणाला विचारू शकतो, यावर त्या हमालाचा जीव अवलंबून असतो, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो. गोदामात खोक्यांची थप्पी कोसळून एका हमालाच्या डाव्या बरगड्यांना मार बसला. आमच्याकडे तो चालत आला. बोलत होता, 'थोडं दुखतंय' एवढेच म्हणत होता. डाव्या बरगड्यांच्या आड प्लीहा असते. तिला चीर गेली तर रक्त पोटात झिरपत राहते आणि तरुण, काटक शरीर बराच वेळ त्याचा पत्ता लागू देत नाही. रक्तदाब उतरतो तो उशिरा; नाडी मात्र त्याच्या बरीच आधी वाढू लागते. आम्ही चिठ्ठी लिहिली आणि त्याच्याबरोबर गेलो. अपघात विभागात आंतरवासितेची एक मुलगी एकटीच सहा-सात जणांना पाहत होती. तिने या हमालास तपासले, रक्तदाब घेतला. तो चांगला निघाला. ती पुढच्या रुग्णाकडे वळणार, इतक्यात टेबलाजवळच्या प्रौढ परिचारिका म्हणाल्या, "डॉक्टर, पल्स पुन्हा एकदा बघता का? मघापासून तीनदा मोजली मी. दर वेळी वाढलेली आहे." मुलीने मोजली, मिनिटाला १२२ भरली. क्षणभर थांबून ती म्हणाली, "सिस्टर, मला खात्री वाटत नाही. मी सरांना बोलावते."

रजिस्ट्रार आले. झोपेतून उठून आल्याचे दिसत होते, पण ते रागावले नाहीत. त्यांनी तिचाच हात धरून रुग्णाच्या पोटावर ठेवला, डावीकडचा ताठरपणा बोटांना कसा लागतो ते दाखविले, आणि डावा खांदा दुखतो का हे रुग्णाला विचारावयास सांगितले. हमाल चकित होऊन म्हणाला, "दुखतोय की! पण तिथं तर काही लागलंच नाही." पोटात साकळलेले रक्त श्वासपटलाला डिवचते आणि वेदना मात्र खांद्यात उमटते, हे तिने पुस्तकात वाचले असणारच, रुग्णाच्या तोंडून ते प्रथमच ऐकले असावे. शस्त्रक्रियेच्या वेळी रजिस्ट्रारनी तिलाही आत घेतले. तो हमाल पंधरा दिवसांनी घरी परतला आणि काही महिन्यांनी पुन्हा कामाला लागला.

पाऊण तासाच्या त्या अवधीत झालेले शिक्षण कोणत्याही व्याख्यानकक्षात झाले नसते. परंतु ते आपोआप झाले नाही. परिचारिकेला डॉक्टरला सुचविण्याचा संकोच वाटला नाही. मुलीला 'मला खात्री नाही' असे म्हणण्याची लाज वाटली नाही. रजिस्ट्रारनी काम तिच्या हातातून काढून न घेता तिच्याच हाताने करविले, आणि आपण केलेल्या निदानाचे पुढे काय झाले हे तिला शेवटपर्यंत पाहू दिले. यातील शेवटची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कित्येक आंतरवासी रुग्णाला वरच्या मजल्यावर पाठवितात आणि पुढे त्याचे काय झाले ते त्यांना कधीच कळत नाही. पेरलेले उगवले की नाही हे न पाहणारा शेतकरी शेती कशी शिकणार?

याच्या उलटही आम्ही पाहिले आहे. दुसऱ्या एका रुग्णालयात, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, असाच एक रुग्ण घेऊन गेलो असता तिथल्या मुलाने फोन तीन वेळा उचलला आणि तिन्ही वेळा न लावताच खाली ठेवला. "सर ओरडतील," तो आमच्या कानाशी म्हणाला, "मागच्या वेळी सगळ्यांसमोर बोलले." अखेर फोन आम्ही लावला. मुलगा हुशार होता, रुग्णाविषयी त्याला काळजीही होती. त्याने आदल्या खेपेस एक धडा घेतला होता, आणि तो धडा होता न विचारण्याचा.

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडतो, तो गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत असताना व त्यांना प्रश्न विचारीत असताना. आपल्याकडे त्या प्रसंगावर प्रवचन होते ते बहुधा त्याच्या बुद्धिमत्तेवर, किंवा तीन दिवस शोधीत फिरलेल्या मातेच्या दुःखावर. आमचे लक्ष मात्र त्या गुरुजनांकडे जाते. खेड्यातून आलेल्या एका पोराने प्रश्न विचारावेत आणि त्या पंडितांनी त्याला आपल्यात बसवून घ्यावे, हा त्यांचाही मोठेपणाच. परंपरेने वैद्य मानलेल्या लूकनेच तेवढा हा प्रसंग नोंदवून ठेवावा, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.

वैद्यकविद्या ही पूर्वीपासून कोणाच्या तरी हाताखाली राहूनच शिकली जात आली. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते जे. जे. रुग्णालयाच्या जोडीने, डॉ. भाऊ दाजी लाड त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. १९२६ साली परळला के. ई. एम. रुग्णालय व त्याचे महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा तिथे शिकविणारे भारतीयच असावेत असा देणगीदारांचा आग्रह होता, आणि डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाते झाले. पलीकडे अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम ऑस्लर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना रुग्णशय्येपाशी नेऊन शिकविण्याची पद्धत रुजविली. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकविले एवढीच नोंद आपल्या मागे राहावी, अशी त्यांची इच्छा होती. त्या काळी वरिष्ठांचा दरारा कमी नव्हता. आमच्याही काळी तो होता. दराऱ्याने मनुष्य तयार होतो असे सांगणारे वडीलधारे डॉक्टर आजही भेटतात. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. चुकीच्या मात्रेबद्दल जागच्या जागी कडक शब्दांत सुनावणे वेगळे आणि गाव, जात, भाषा वा मार्क काढून सर्वांसमक्ष पाणउतारा करणे वेगळे.

हे दुसरे कुठपर्यंत जाऊ शकते, याची आठवण महाराष्ट्राला आहे. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपविले. त्या जळगावकडच्या, आदिवासी तडवी समाजातील. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार कुटुंबीयांनी केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्यावर निवाडा करणे आमचे काम नव्हे. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला होता, एवढे मात्र नमूद करावेसे वाटते. आपल्या आदिवासी पट्ट्यातील, मच्छीमार वस्तीतील मुले आता कुठे या महाविद्यालयांच्या पायऱ्या चढू लागली आहेत. त्यांना प्रश्न विचारताना दुप्पट धीर लागतो, हे शिकविणाऱ्याने ध्यानात ठेवावयास हवे.

दुसरा मोठा अडथळा थकव्याचा. १९८४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यापासून काही तासांतच मरण पावली. तिची देखभाल रात्रभर शिकाऊ डॉक्टरांकडे होती. तिचे वडील पत्रकार. दीर्घ ड्यूट्या आणि वरिष्ठांची अनुपस्थिती हे दोन्ही प्रश्न त्यांनी लावून धरले, आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांची व सलग २४ तासांची मर्यादा आली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरविषयक योजनेत त्याहून उदार आकडे आहेत: सलग काम साधारणतः १२ तास आणि आठवड्याला ४८ तास! कोणत्याही सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टरला हे वाचून दाखवावे, तो हसेल. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आकडा न देता 'वाजवी' तास म्हटले व आठवड्याला एक सुट्टी सांगितली. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे अशी शिफारस केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरील तरुण डॉक्टर चर्चासत्राच्या खोलीत विसावली असता तिच्यावर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. तेव्हा कुठे, या मुली रात्री पाठ टेकतात तरी कुठे, हा प्रश्न देशाला पडला.

थकलेला डॉक्टर चुकतो हे कोणालाही समजते. बॉस्टनमध्ये अतिदक्षता विभागातील आंतरवासींवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या पद्धतीच्या लांब पाळ्यांत त्यांच्या हातून ३६ टक्के अधिक गंभीर चुका घडल्याचे आढळले. पण थकवा शिक्षणही खातो, ही गोष्ट कमी बोलली जाते. तिसाव्या तासाला पाहिलेला रुग्ण डोळ्यांपुढून जातो, मनात उतरत नाही. आम्हाला आमच्या त्या दिवसांतील पहाटेचे कित्येक रुग्ण आठवतच नाहीत. आठवते ती कँटीनच्या चहाची चव.

मात्र तास कमी केले की सारे सुरळीत होते, असेही नाही. पाळ्या आखूड झाल्या म्हणजे रुग्ण एकाकडून दुसऱ्याकडे अधिक वेळा सोपविला जातो, आणि दर वेळी एखादी गोष्ट सांगावयाची राहून जाते. अमेरिका व कॅनडातील नऊ ठिकाणच्या बालरोग निवासींना रुग्ण सोपविण्याची ठरावीक रीत शिकविली, तेव्हा चुका २३ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास २०१४ साली आला. तो वाचून आम्हाला हसू आले, कारण आपल्या परिचारिका हेच वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. पाळी बदलताना त्या खाटेखाटेपाशी उभ्या राहून 'ओव्हर' देतात: सलाईन कितवे, लघवी किती झाली, कोणाचा रिपोर्ट यावयाचा आहे, कोणत्या आजीला रात्री भीती वाटते. डॉक्टरांची पाळी मात्र जिन्यात, एका हातात वडापाव धरून, 'सब ठीक है' म्हणून बदलली जाते. आमच्या समाजातील कितीतरी स्त्रिया आणि धर्मभगिनी परिचारिका म्हणून आयुष्यभर राबल्या. त्यांच्या हाताखाली किती डॉक्टर शिकले याचा हिशेब कोणी मांडला नाही. शीर न सापडणाऱ्या बाळाला सुई कशी लावावी, हे आम्हाला एका सिस्टरनी शिकविले. प्राध्यापकांनी नव्हे.

गर्दीविषयी फार लिहावयास नको; वाचकांनी ती स्वतः भोगली आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २०२३ च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवसरात्रीत अठरा रुग्ण दगावले. अनेक जण अत्यवस्थ स्थितीतच आले होते, असे प्रशासनाचे म्हणणे होते. पाचशे खाटांच्या त्या रुग्णालयावर भिवंडीपासून शहापूर-मुरबाडपर्यंतचा भार येतो. अशा ठिकाणी राऊंड म्हणजे धावपळ होते. वॉर्डबॉय नसला की शिकाऊ डॉक्टरच ट्रॉली ढकलतो, रक्ताच्या बाटल्या प्रयोगशाळेत पोचवितो, फॉर्म भरतो. रक्त काढणे शिकावेच लागते. परंतु पाचशेव्या वेळी ते काढताना काहीही नवे शिकणे होत नाही.

याहून आम्हाला काळजी वाटते ती परीक्षेची. पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१७ च्या प्रवेशांपासून देशभर एकच चाचणी आली, पर्यायांतून उत्तर निवडावयाची. तेव्हापासून आंतरवासितेचे वर्ष हे त्या चाचणीच्या तयारीचे वर्ष झाले आहे. जिवंत रुग्ण चार पावलांवर असताना आंतरवासी कोपऱ्यात मोबाईलवर रुग्णांविषयीचे प्रश्न सोडवीत बसलेला दिसतो. त्याला दोष कसा द्यावा? वॉर्डात घालविलेल्या तासाला गुण नाहीत. घरी फोन केला तर आईदेखील हेच विचारते, "पीजीचा अभ्यास होतोय ना?" २०१९ पासून एमबीबीएससाठी कौशल्याधारित अभ्यासक्रम आला, प्रत्येक कौशल्याची नोंदवही आली. कल्पना उत्तम. परंतु वर्षअखेरीस एका बैठकीत साठ सह्या होतात तेव्हा त्या वहीचे वजन किती राहते, हे सह्या करणाऱ्यालाही ठाऊक असते.

आशेची जागा आम्हाला लहान रुग्णालयांत दिसते. आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक आहे. भारतीय बिशपांच्या परिषदेने १९६३ साली स्थापन केलेल्या बंगळूरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाने तर आपल्या पदवीधरांना खेड्यापाड्यांतील सेवेचे बंधन फार पूर्वीच घातले. लहान ठिकाणी यंत्रे थोडी, म्हणून हात, डोळे व कान यांचा उपयोग करावा लागतो. आणि आज पाहिलेला रुग्ण उद्या बाजारात भेटतो, म्हणून आपल्या उपचाराचे फळ कळते. फक्त त्या मुलाला तिथे एकटे सोडू नये. प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठविले तेव्हा दोघादोघांना पाठविले. रात्री दोन वाजता ज्याला फोन करता येईल असा एक ज्येष्ठ तरी त्याला हवा, मग तो त्याच इमारतीत असो वा ठाण्याला.

आणि शिकविणारा आणखी एक असतो, ज्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते. आमच्याकडे औषधाला येणारे यंत्रमागावरचे एक निवृत्त काका आहेत. लहानपणीच्या सांधेतापाने त्यांच्या हृदयाची झडप आकसली आहे आणि तिचा आवाज पुस्तकात लिहिल्याप्रमाणे हुबेहूब ऐकू येतो. म्हणून एका महाविद्यालयातून त्यांना परीक्षेच्या वेळी दरवर्षी निरोप येतो. सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते निघतात. तो आवाज डाव्या कुशीवर वळविल्यावर स्पष्ट होतो. घाबरलेला विद्यार्थी हे सांगावयास विसरला, तर परीक्षकाची नजर चुकवून काका स्वतःच हळूच डावीकडे वळतात. कोणी डाव्या बाजूने येऊन उभा राहिला तर उजवीकडची चादर नीट करण्याचे निमित्त करून त्याला तिकडे यावयास लावतात. यंदा परत आल्यावर आम्ही विचारले, "कशी होती मुले?" काका म्हणाले, "हुशार आहेत सगळी. पण एका पोरीने स्टेथोस्कोप आधी तळहातावर घासून गरम केला, मग मला विचारलं, 'काका, थंड तर नाही ना लागत?' तिच्यासाठी मी दोनदा वळलो."